मंगलाची कविता, साभार परत

मी, चारुलता दत्तोबा भालकीकर, वय शहात्तर, निवृत्त अध्यापिका, राहणार काचीगुडा, हैदराबाद, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. मी आयुष्यात कधी कोणाच्या दडपणाखाली आले असे कोणास आठवत असेल, तर त्याने या मृत्युपत्राला खुशाल हरकत घ्यावी. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे.

माझे मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. अपर्णा यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखल्याआधी त्यांनी विचारले, "मावशी, आवाज वगैरे ऐकू येतात का?" मी म्हणाले, "येतो. एकच. तो माझ्या चुका काढतो." त्या हसल्या आणि सही केली. मी थट्टा करते आहे असे त्यांना वाटले असावे. थट्टा नव्हती, हे येथे नमूद करते, कारण खोटे लिहायला ही जागा नव्हे. हे वाक्य वाचूनही त्यांनी दाखला परत मागितला नाही, म्हणजे तो कायम आहे.

गैरसमज होऊ नये म्हणून आणखी एक. भुताखेतांविरुद्ध मी नामपल्लीच्या मैदानावर बोलले, नारायणगुड्याच्या चौकात बोलले. मराठीत, उर्दूत आणि लोक हसतील अशा तेलुगूत बोलले. अंगात आलेल्या बाईला मंचावर बसवून पाणी पाजले आहे आणि तिच्या नवऱ्याला सर्वांदेखत जाब विचारला आहे. माझे मत बदललेले नाही. मेलेले माणूस परत येत नाही. मंगला येते, ही गोष्ट वेगळी.

कलम एक. राहते घर, आतील भांडीकुंडी व सामानासह, माझी पुतणी वैशाली हिला द्यावे. वैशाली ही माझा धाकटा दीर दिलीप आणि त्याची पत्नी कैलासवासी मंगला यांची मुलगी. मला मूलबाळ नाही. यजमान दत्तोबा यांनी हे घर माझ्या नावावर घेतले होते. स्टेशन जवळ असल्याने गाड्यांची घोषणा तिन्ही भाषांत घरात ऐकू येते, तिची तक्रार वैशालीने करू नये. स्वयंपाकघरात खिडकीशी वेताचा मोडा, म्हणजे बसायचे बुटके गोल आसन, आहे, तो हलवू नये. मी तो एकदा गॅलरीत ठेवला होता. त्या दिवशी मला एक ओळ सुचली नाही आणि भाजीत दोनदा मीठ पडले.

कलम दोन. बँकेतल्या ठेवीवर वैशालीचेच नाव आहे. तपशील देऊन कोणाची करमणूक करत नाही.

कलम तीन. माझी सर्व पुस्तके आमच्या मराठी ग्रंथालयास द्यावीत. ग्रंथपाल विकास औरादकर यांनी समासातली माझी टिपणे खोडू नयेत. पुस्तकाशी मी भांडले आहे, त्याची खूण राहावी.

येथे माझ्या कवितांविषयी सांगणे भाग आहे. माझी एकही कविता शून्यातून आलेली नाही. कोणाची कविता वाचून, कोणाचे चित्र पाहून, दर्ग्यातली कव्वाली किंवा खेड्यात गाऊन सांगितलेली तेलुगू बुर्रकथा ऐकून मी लिहीत आले. म्हणून प्रत्येक कवितेखाली बारीक अक्षरात एक ओळ असते: "अमुकवरून". ज्याच्या चुलीतून निखारा आणला त्याचे नाव सांगावे, इतका साधा धर्म आहे. आपले ज्ञान आभाळातून पडले असे सांगणाऱ्यांना मी व्यासपीठावर सोडले नाही, तर स्वतःला कशी सोडेन?

या कविता मी मासिकांना पाठवत आले. पूर्वी परतीचे पाकीट जोडून, आता ईमेलने. काही छापल्या. पुण्याच्या एका त्रैमासिकाने मात्र माझी एकही ठेवून घेतली नाही. त्याचे नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात होईल. "साभार परत" छापलेल्या त्यांच्या चिठ्ठ्या मी जपल्या आहेत. त्या विकास यांनी पुस्तकांत खुणेसाठी वापराव्यात. कागद जाड आहे, ही एक गोष्ट त्यांना मान्य करते.

कलम चार. माझ्या भाषणांच्या सर्व ध्वनिफिती दीर दिलीप यांना द्याव्यात. त्यांनी एकही भाषण शेवटपर्यंत ऐकले नाही. आता सक्ती नाही. मंगला गेल्यावर तिच्या कवितांचा विषय मी काढला तेव्हा ते म्हणाले होते, "वहिनी, कविता कसली? ती बडबडायची चुलीपुढं." दिलीप, तुम्ही वाईट माणूस नाही. तुम्हाला ऐकू येत होते, तुम्ही ऐकत नव्हता, एवढेच. त्याचे उत्तर कलम पाचमध्ये आहे.

कलम पाच. याच्यासाठी मी हे सर्व लिहायला बसले.

मंगला माझी जाऊ. मला "अक्का" म्हणे. एम. ए. झालेली, माझ्यापेक्षा चांगले वाचणारी, आणि जिभेला धार. ती कविता करत असे, पण लिहीत नसे. मोड्यावर बसून, शेंगा सोलता सोलता म्हणे, आणि मी "थांब, कागद आणते" म्हटले की गप्प होई.

"लिहिली की ती तुझ्यासारखी उभी राहून बोलायला लागते, अक्का. माझी बसलेली बरी."

"आणि विसरलीस तर?"

"मग ती राहण्यासारखी नव्हती."

येथल्या संग्रहालयात डोक्यावरून चेहऱ्यावर झिरझिरीत पदर घेतलेली एक संगमरवरी बाई आहे. दगडाचाच पदर, पण आतला चेहरा दिसतो. तिच्यावरून मी एक कविता लिहिली होती, त्या बाईला "पदर फेकून बाहेर ये" असे बजावणारी. मंगलाला वाचून दाखवली. ती म्हणाली, "छान भाषण आहे." आणि शेंगा बाजूला ठेवून त्या बाईच्या वतीने मला उत्तर दिले, थोडक्या ओळींत. त्यानंतर माझी कविता मला वाचवेना. पुढे मी मंगलाच्या उत्तरावरून एक नवी कविता केली, तिचे नाव "परवा", आणि खाली नेहमीप्रमाणे ओळ लिहिली: "मंगलाच्या कवितेवरून".

ती ऐकवून मी मंगलाला म्हणाले, आता तरी तुझी मूळची लिहू दे. ती नुसती हसली. मग करोनाची दुसरी लाट आली. दवाखान्यात कोणाला जाऊ देत नव्हते. नर्सने तिच्या कानाशी फोन धरला. मी म्हणाले, "मंगला, लिहू का ग?" तिला धाप लागली होती. ती म्हणाली, "परवा लिहू, अक्का." त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही.

आमच्या घरात "परवा" म्हणजे कालच्या आधीचा दिवस नव्हे. येथल्या उर्दूत जसे "परसों" म्हटले की मागचा कुठलाही दिवस असतो, तसेच आमचे झाले आहे. लग्न परवा झाले, आजोबा परवा वारले, पाऊस परवा पडला. पण लिहू म्हणजे तर पुढे. पुढचा परवा म्हणजे उद्याच्या नंतरचा दिवस. तो आला, मी कागद घेऊन बसले, आणि त्याच सकाळी तिची बातमी आली. मी लिहिले नाही. त्या दिवसापासून लिहायला बसले की मागे मोडा कुरकुरतो. शब्द चुकला की घसा खाकरल्याचा आवाज येतो. मी वळून पाहत नाही. माझ्या मतांच्या बाईने वळून पाहिले तर संपलेच.

यंदा मी "परवा" त्या पुण्याच्या त्रैमासिकाला पाठवली. या वेळी चिठ्ठी आली नाही, खुद्द संपादक एकनाथरावांचा फोन आला.

"चारुलताबाई, कविता फार चांगली आहे. दिवाळी अंकात पहिली लावतो. फक्त खालची ओळ काढू."

"कोणती?"

"'मंगलाच्या कवितेवरून.' ती मूळ कविता प्रसिद्ध कुठं झाली आहे?"

"आमच्या स्वयंपाकघरात."

"म्हणजे झालेली नाही. मग वाचक म्हणेल, बाईंनी एक काल्पनिक कवयित्री उभी केली. ही हल्ली फॅशन आहे."

"काल्पनिक बाई पोळ्या करपवत नाही हो. हिने करपवल्या आहेत, मी खाल्ल्या आहेत."

"मूळ दाखवा, ओळ ठेवतो. आमचा नियम आहे. आणि दुसरं, 'परवा' म्हणजे नेमकं कधी? 'कधीकाळी' करू का?"

"एकनाथराव, हैदराबादेत निजामसुद्धा परवाचाच. शब्दाला हात लावू नका."

"विचार करा. आम्ही सहसा फोन करत नाही."

हे खरे आहे. ते फोन करत नाहीत. त्या त्रैमासिकात यावे ही इच्छा मी तरुणपणापासून बाळगली, आणि ती पुरी व्हायला एक ओळ पुसायची होती. मी फोन ठेवला आणि खोलीत अगदी शांत झाले. मोडाही कुरकुरला नाही. ती काहीच म्हणाली नाही, हे मला सर्वांत असह्य झाले.

मृत्युपत्राच्या कामासाठी ॲडव्होकेट हिम्मतराव घरी आले तेव्हा मी त्यांना सांगितले की मंगलाची मूळ कविता मला वैशालीला द्यायची आहे, तसे कलम घाला.

ते म्हणाले, "वहिनी, कविता तुमची आहे का?"

"नाही."

"मग देता येत नाही. माणूस आपलं असेल तेच मृत्युपत्रानं देतो."

"आणि जवळ दुसऱ्याचं असेल तर?"

"ते परत करायचं असतं."

इतकी वर्षे ज्या दोन शब्दांनी माझी पाकिटे परत आली, त्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. म्हणून लिहिते: खालील कविता माझ्या मालमत्तेचा भाग नाही. ती कैलासवासी मंगला दिलीप भालकीकर हिची आहे. माझ्याजवळ ती केवळ ठेव होती. तिची वारस मुलगी वैशाली हिला ती मी साभार परत करते.

  दगडाचा पदर मी परवा काढून पाहिला.
  तेव्हा कुणी नव्हतं.
  आत चेहरा नव्हता, बघणाऱ्यांचा श्वास होता.
  पुसला. पदर घेतला.
  आता तुम्ही आलात तरी चालेल.

माझ्या स्मरणात तिसऱ्या ओळीनंतर "काचेवर साचतो तसा" अशी आणखी एक ओळ होती. मसुदा मोठ्याने वाचताना तेथे आले की मागे घसा खाकरला जाई. मग लक्षात आले. "तसा, जसा, जणू" ही माझी खोड, मंगला त्यावरून मला नेहमी टोचत असे. ती ओळ तिची नाही, माझी आहे, केव्हातरी आत शिरली. ती मी काढून घेते. काढल्यावर पुन्हा वाचले तेव्हा मागे आवाज झाला नाही.

मराठी दस्ताला येथल्या कचेरीत तर्जुमा जोडावा लागेल, असे हिम्मतराव म्हणतात. "परवा" साठी तेलुगूत "मोन्ना" लिहू का, असे त्यांनी विचारले. नाही. मोन्ना फक्त मागे जातो. परवा मागेही जातो आणि पुढेही. तर्जुम्यात "परवा" हाच शब्द ठेवावा.

कलम सहा. माझी "परवा" ही कविता माझीच आहे, म्हणून तिच्याबाबत हुकूम करते. ती कोठेही छापायची असल्यास खाली ही ओळ असलीच पाहिजे: "मंगला दिलीप भालकीकर हिच्या कवितेवरून. मूळ कविता: चारुलता भालकीकर यांचे नोंदणीकृत मृत्युपत्र, हैदराबाद." एकनाथरावांना मूळ हवे होते. आता ते सरकारी शिक्क्यासह मिळेल, नक्कल काढून घ्यावी. ओळ नको असेल तर कविताही नको. अंक माझ्याशिवाय निघत आला आहे, पुढेही निघेल.

कलम सात. माझी शोकसभा घेऊ नये. ज्यांना माझ्याविषयी बोलायचे होते त्यांनी मी जिवंत असताना बोलायचे होते, मी उत्तर दिले असते. त्याऐवजी वैशालीने मोड्यावर बसून आईची कविता एकदा मोठ्याने वाचावी. तिला मराठी वाचताना अक्षराखाली बोट धरावे लागते. धरावे. उभे राहून वाचू नये. दिलीप यांनी समोर बसावे आणि शेवटपर्यंत ऐकावे. पाचच ओळी आहेत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी हिम्मतरावांनी करावी.

एवढे झाल्यावर तारीख घालायची राहिली. हिम्मतरावांनी आजची सांगितली. मी ती लिहिली आणि पुढे आणखी एक शब्द लिहिला. ते म्हणाले, "वहिनी, दस्तावर दोन तारखा चालत नाहीत." मी म्हणाले, "दोन नाहीत. एकच आहे." मागे मोडा कुरकुरला. या वेळी मी वळून पाहिले. हिम्मतराव माझ्याकडे पाहत होते, म्हणून तेथे काय होते ते लिहीत नाही.

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत चारुलताबाईंनी हे वाचून, समजून सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली:

साक्षीदार
१. डॉ. अपर्णा बिडकर, काचीगुडा (सही)
२. विकास औरादकर, ग्रंथपाल (सही)

लिहून ठेवणार
चारुलता दत्तोबा भालकीकर (सही)

ठिकाण: काचीगुडा, हैदराबाद
दिनांक: ११ जुलै २०२५, परवा