माझा डोळा आणि अठरा टक्के

४ जानेवारी, सकाळी ७.४०
नवी वही. जुनीत पानं शिल्लक आहेत, पण मध्येच सौ.च्या अक्षरातली सामानाची यादी आहे. ती फाडवेना, म्हणून वहीच ठेवून दिली.
संकल्प पहिला: आपण होऊन फोन करायचा नाही. सौ. नातीला सांभाळायला म्हणून दोन महिन्यांसाठी लेकीकडे गेली, आज आठ महिने होतील. मला एकट्याने उत्तम जमतं, हे तिला कळायला हवं. भात आज फक्त खालून लागला.
संकल्प दुसरा: मुदतवाढ. जूनअखेर निवृत्ती आहे. एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत उजेड मोजणारा डोळा माझा. मी गेल्यावर त्यांचं कसं होणार? (मी घरी बसून काय करणार, हा प्रश्न वेगळा. तो येणारच नाही.)

९ जानेवारी
साहेबांनी बोलावलं. एप्रिलमध्ये फिरता दिवा आपल्याकडे येणार. निळा दिवा. नऊ प्रयोगशाळांत फिरतो, प्रत्येकीने त्याचा उजेड मोजायचा आणि आकडा बंद पाकिटात पाठवायचा. आपला आकडा बाकीच्यांशी जुळला तर दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र देतो म्हणाले. नाही जुळला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गरजच नाही.

२० जानेवारी
डिटेक्टरबाईंशी खटका उडाला. शेजारच्या टेबलावर बसतात, वयाने माझ्या लेकीएवढ्या. त्यांचा सगळा विश्वास उजेड मोजणाऱ्या डिटेक्टरवर, नखाएवढ्या त्या सिलिकॉनच्या तुकड्यावर. मी म्हटलं, बाई, माणसाला न दिसणारे किरणच त्याला जास्त दिसतात. आपल्यासारखं दिसावं म्हणून त्याच्यापुढे हिरवट काच लावावी लागते. चष्मा त्याला लागतो, मला नाही. (वाचायचा वेगळा.)
म्हणून तर आमच्याकडे जुना नियम आहे: डिटेक्टर अधूनमधून डोळ्याने तपासायचा. निरीक्षक दोन. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा बोलवायचा. दुसरे निरीक्षक दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हापासून दोन्ही रकान्यांत सही मीच करतो. एकदाही मतभेद झालेला नाही.

३१ जानेवारी, दुपारी
अंधारखोलीत अर्धा तास बसलो. डोळा अंधाराला सरावल्याशिवाय माप घेता येत नाही. बाहेर लाल पाटी, कुणी दार उघडायचं नाही. कुणी उघडलंही नाही. बसल्या बसल्या "चहा टाकतेस का" असं तोंडातून गेलं. खोली रिकामी होती, हे एका अर्थी बरंच.
मग माप. एका अर्ध्या चकतीत निळा उजेड, दुसऱ्या अर्ध्यात पांढरा. दोन्ही सारखे दिसेपर्यंत बटण फिरवायचं. डिटेक्टर निळा उजेड सहा टक्के जास्त दाखवतोय. चोर सापडला.

१४ फेब्रुवारी
सौ.कडून पार्सल. स्वत: विणलेला स्वेटर. करडा. बत्तीस वर्षं संसार करून हिला एवढंही ठाऊक नसावं, की मला करडा रंग आवडत नाही? फोन करून (आभार मानायला केलेला फोन संकल्पात धरत नाहीत) सांगितलं, छान आहे, पण करडा कशाला? ती म्हणाली, डोळे दाखवून घ्या. विषय बदलायची तिची ही जुनी पद्धत.
एक बटण सैल आहे.

३ मार्च
निळ्यात अकरा टक्के. डिटेक्टर दिवसेंदिवस बिघडतोय. डिटेक्टरबाई म्हणाल्या, बदललेलं दुसरंही काही असू शकतं. मी म्हटलं, असू शकतं, पण काय ते तुम्हीच शोधा.
कंपनी हल्ली बल्ब फारच मंद काढते. बैठकीच्या खोलीत आता चार लावलेत. संध्याकाळी नातीने व्हिडिओ कॉल लावला आणि ओरडली, आजोबांना चेहराच नाहीये. मागून सौ.चा आवाज आला, नुसतं पांढरं दिसतंय. त्यांच्या फोनचा कॅमेरा गेलाय. नवा घ्या म्हटलं.

२२ मार्च
स्वेटरचं बटण तुटलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याला सांगितलं, करडं लाव. त्याने माझ्याकडे बघितलं, स्वेटरकडे बघितलं, आणि निळं लावलंय असं म्हणत परत दिलं. मला तर करडंच दिसलं, म्हणजे काम बरोबर, नाव चुकीचं. चाळीस वर्षं कपडे शिवून या माणसाला रंग कळत नाही. वाईट वाटलं. काही बोललो नाही.

१० एप्रिल
फिरता दिवा आला. डिटेक्टरने माप घेतलं, डोळ्याने पडताळलं. फरक अठरा टक्के. आता दयामाया नाही. डिटेक्टरच्या आकड्यातून अठरा टक्के कापले, कागदावर 'दुरुस्ती' असं ठळक लिहिलं आणि दोन्ही रकान्यांत सही केली. पाकीट बंद करून पाठवायचं काम डिटेक्टरबाईंकडे दिलं, म्हणजे त्याही शिकतील.
अंधारखोलीत आज सव्वा तास बसलो. कामाशिवाय. तिथे घरच्यापेक्षा बरं वाटतं. तिथे कुणी नसतं ते नियमानेच.

१८ मे, सायंकाळी ५
निकाल. नऊ प्रयोगशाळांत आपला आकडा जवळजवळ मधोमध. एक टक्क्याचाही फरक नाही!! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मुदतवाढीचं पत्र हातात. फक्त दृष्टीचा दाखला जोडायचा, म्हणजे निव्वळ औपचारिकता.
सौ.ला फोन केला. म्हटलं, दोन वर्षं तरी आता तिकडे येणं जमणार नाही. ती "बरं" म्हणाली. एवढंच. तिला आनंद झाला असणार.

१९ मे
जेवणाच्या सुट्टीत डिटेक्टरबाई माझ्या टेबलापाशी आल्या. खुर्ची ओढून बसल्या, पण डबा उघडला नाही. म्हणाल्या, "सर, पाकिटात गेला तो आकडा तुमचा नव्हता. तुमची दुरुस्ती मी काढली होती."
मी विचारलं, कुणाच्या परवानगीने? त्या म्हणाल्या, वडिलांचंही असंच झालं होतं, त्यांना निळं दिसेनासं झालं होतं. साहेबांना सांगितलेलं नाही, आधी डोळे दाखवून घ्या.
मत्सर. दुसरं काय?
पोळी तशीच परत आणली.

२ जून
डॉक्टरीणबाई तरुण आहेत, त्यामुळे अनुभव कमी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू म्हणाल्या. भिंग पिवळं पडलंय, निळा उजेड त्यातच अडकतो, आत पोचतच नाही. मी विचारलं, साधारण किती टक्के अडकतो? त्या म्हणाल्या, असं मोजत नाहीत.
मी मोजलंय.
दाखला दिला नाही.

५ जून
साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. कापलेल्या अठरा टक्क्यांचंही. पत्र परत दिलं. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि विचारलं, निरोप समारंभ तीस तारखेला ठेवायचा का? थोडा आग्रह करतील असं वाटलं होतं.

११ जून
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. फॉर्मवर 'सोबत कोण' या रकान्यात 'स्वत:' असं लिहून सही केली. नर्सने ते खोडलं. सौ.ला कळवलं नव्हतं, उगाच काळजी करत बसेल. शेवटी डिटेक्टरबाईंना फोन केला. अर्धी रजा टाकून आल्या, सही केली, घरी सोडलं. जाताना गॅस बंद आहे ना, ते बघून गेल्या. वर्षभरात प्रथमच कुणीतरी ते बघितलं. मला एकदम रडूच आलं. ऑपरेशननंतर डोळ्यातून पाणी येतं, तेच असेल.

१४ जून, सकाळी ९
चारांतले तीन बल्ब काढले, उजेड सोसवेना. घरात धूळ बरीच आहे. घर लख्ख ठेवलंय असं मी दर फोनवर सांगत आलोय.
कपाट उघडलं. स्वेटर निळा आहे. चांगला गडद निळा. बटणही निळं. शिंप्याकडे जायला हवं.
मग उजवा डोळा झाकून डाव्याने बघितलं. करडा. पुन्हा उजव्याने. निळा. म्हणजे दोन निरीक्षकांत मतभेद. नियमाप्रमाणे तिसरा बोलवावा लागतो.
फोन केला. ऑपरेशनचं सांगितलं, पत्राचं सांगितलं, आणि विचारलं, स्वेटर कुठल्या रंगाचा आहे? ती म्हणाली, "निळा आहे हो. तुम्हाला आवडतो म्हणून निळी लोकर शोधत तीन दुकानं फिरले होते."
तू इकडे येऊन एकदा बघून जा, असं म्हटलं. तिने सांगितलं, नातीची शाळा कालच सुरू झाली, आता निघता येणार नाही. म्हणाली, "तुम्हीच या. कायमचे या."
मी सवयीने म्हणालो, कामाचं बघतो आणि कळवतो.
फोन ठेवून वही उघडली, हातात कुठकुठली कामं आहेत ते लिहून काढायला. साडेनऊ वाजले. अजून एकही लिहिलेलं नाही.