पेल्याच्या तळाशी नाक

गामेलिओन, २८
लिहायला आज फुटक्या घागरीचा मोठा तुकडा मिळालाय. बरंच झालं!

लग्नांचा महिना संपत आला, वाटलं यंदाही सुटले. तर तेलवाला थ्रासोन मागणी घालून गेला. मी दाराआडून पाहिलं. आधी नाक आत आलं, मागून तो! बाबा खूश — "फिल्तो, पोरी, घरात तेल कधी कमी पडायचं नाही!"

आणि आमच्या भट्टीतले मातीचे पेले कोण रंगवणार? बाबांचे हात तीन वर्षं थरथरतायत. चित्रं मी काढते, सही त्यांची. अथेन्समध्ये कुणाला पत्ता नाही. लग्न झालं की माझा कुंचला चुलीत!

गामेलिओन, २९
राग काढला. एका पेल्यात, अगदी तळाशी, थ्रासोनला शेपटी लावून नाचवला. नाकाखालची चामखीळसुद्धा सोडली नाही. शेजारी, पेल्यांवर लिहायची रीतच आहे तसं, लिहिलं — 'थ्रासोन सुंदर आहे.' पेला भट्टीतून निघाला की एकदा पोटभर हसेन आणि फोडून टाकेन.

आंथेस्तेरिओन, ११
मेले! मी पाण्याला गेले, तेवढ्यात बाबांनी भट्टी उघडली आणि वरचे तीन पेले थ्रासोनकडे धाडले. उद्याच्या सणाची भेट! "बाबा, आत बघितलंत का?" — "तुझं काम, त्यात काय बघायचं?"

आंथेस्तेरिओन, १२
बाबा त्याच्याकडेच गेलेत. आज सगळे पैजेनं पिणार, तेही मुकाट्यानं. तोंडातून आवाज निघाला की हरला.

आंथेस्तेरिओन, १३
बाबांनी सांगितलं ते असं — तुतारी वाजली. थ्रासोन सगळ्यांच्या पुढे. तळ दिसला आणि गडी थांबला! गाल फुगले, आणि दारू नाकातून — त्या नाकातून! — शेजाऱ्याच्या दाढीवर. हसत सुटला तो थांबेचना. हरला.

मग म्हणाला, "कुणी काढलंय हे?"

"मी!" बाबांनी न बघताच छाती फुगवली.

"मग सासरेबुवा, तुमच्या हातानं थोडी ओता की."

बाबांनी ओतली. निम्मी त्याच्या मांडीवर! तो मांडी सोडून बाबांच्या हातांकडेच बघत होता, म्हणे.

लग्न मोडलं असणार. मला हवं तेच झालं ना? मग सकाळपासून माझ्या हातून दोन पेले का फुटले?

आंथेस्तेरिओन, १४
पेला परत आला. चित्राखाली खिळ्यानं कोरलंय — 'काढणारी त्याहून सुंदर.' आत एक नवाकोरा कुंचला.

बाबांना म्हटलं, होकार कळवा. नाक तसं वाईट नाही.