चार हजार ओळींचं गाठोडं

५ जुलै

ऐक रे फोना, बोलते तसं लिही, शहाणपणा करू नकोस. किमयाचं काम परत आलं!

पानाचा फोटो काढला की त्यातली मराठी अक्षरं ओळखणारा कसलासा प्रोग्राम. मालक कुणी नाय, जगभरातले लोक मिळून फुकट करतात. त्याच्यासाठी माझ्या नातीने रोह्याच्या कंपनीतली नोकरी सोडली, चार महिने खपून प्रोग्रामच्या चार हजार ओळी लिहिल्या. एकदम पाठवल्या. तिकडे कुणी टोमास तपासतो. आज त्याचं उत्तर — फार मोठं आहे, तुकडे करून पाठव.

एवढा कंटाळा, तर तपासायला बसलाय कशाला मेला? आणि अक्षरं ओळखून करायचंय काय? माझी एकाहत्तर वर्षं अक्षरांवाचून गेली.

६ जुलै

हरेश जेवताना म्हणाला, "गणपतीपर्यंत तुझं काम घेतलं तर ठीक. नाय तर पुन्हा रोह्याची गाडी धर." माझा लेक, तिचा बाप. स्वतः दहावीला तीनदा बसला. आवाज मात्र हेडमास्तरचा!

१४ जुलै

केले तुकडे. कसे? चारशे-चारशे ओळींचे दहा. वड्या पाडल्यासारखे! टोमास म्हणतो, तिसरा तुकडा एकटा चालतच नाही. कसा चालेल? गणपतीची सोंड एका खोक्यात, हात दुसऱ्या खोक्यात.

"आजी, तुला त्यातलं काय कळतंय?"

"तुझ्याएवढंच, गो."

मग रडली. शिकलेली माणसं रडतात पण आवाज न करता.

१५ जुलै

नेली तिला हमरापूरला, आमच्या गणपतीच्या कारखान्यात. चाळीस वर्षं मी तिथे मूर्ती घासल्या, रंगवल्या. म्हटलं, "ही कच्ची मूर्ती बघ. रंग नाय, पण पाटावर उभी हाय ना? घासली की माझा सासरा बघायचा. पांढऱ्या रंगाचा हात दिला की परत बघायचा. काम कुठेही थांबवा, मूर्ती उभीच. भेग कच्च्या मातीत दिसते. सगळा रंग चढवून दाखवलीस तर कोण शोधणार?"

ती मोबाईलवर काहीतरी टिपायला लागली. उपकार झाले!

२२ जुलै

आणखी अक्कल बाहेर पडली. जाता जाता बाईसाहेबांनी दुसऱ्यांनी लिहिलेलंही नीटनेटकं केलं होतं! शेजारच्या कारखान्यात शिरून त्याच्या उंदराची शेपूट बदलायला सांगितली कुणी? काढायला लावलं सगळं.

आता सात टप्पे केलेत. प्रत्येकाबरोबर चिठ्ठी द्यावी लागते. तिची चिठ्ठी — "सुधारणा केल्या." झालं! दोन शब्दांत वीस वर्षांचं शिक्षण.

म्हटलं, "काय मोडकं होतं, तू काय केलंस, चालतंय ते कसं पाहिलंस — एवढं लिही. मला वाचून दाखव. मला कळलं नाय तर पाठवायचं नाय."

सहा वेळा परत फिरवली.

३ ऑगस्ट

तीन घेतले. चार राहिले.

१२ ऑगस्ट

पाच. हा टोमास एकेका ओळीला अडवतो. हे नाव असंच का? हे इथेच का? माझ्या सासूनेही एवढं कधी उकरलं नव्हतं. इकडे हरेश कंपनीत जाऊन किमयाच्या जागेची चौकशी करून आला. "जागा अजून रिकामी हाय," म्हणाला, लॉटरी लागल्यासारखा.

"मग तूच जा," म्हटलं.

२४ ऑगस्ट

सातही घेतले! परवावर गणपती, आणि हरेशचं तोंड बंद.

टोमासने आज पहिल्यांदा स्वतःबद्दल लिहिलं. किमयाने वाचून दाखवलं. तो जन्मापासून आंधळा. मशीन त्याला एकेक ओळ बोलून दाखवतं, तो ऐकून तपासतो. ते पहिलं गाठोडंही त्याने पूर्ण ऐकलं होतं, चारच्या चार हजार ओळी. मगच म्हणाला, तुकडे कर.

"आजी, बोल ना काहीतरी."

"त्याला लिही — पुढचं याहून बारीक तुकडे करून देऊ."