पहिल्या पंगतीचं ताट

जालना
२५ ऑक्टोबर २०२५

ति. पुष्पाअक्का हिस,
राजानंदचा सा. सलाम वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की पलंगावर बसून शेजारच्या नंदाबाईंना भाजी निवडायला शिकवतेस? काल त्यांचा फोन आला होता. नऊ तारखेला चर्चमध्ये मंडळीचा उपकारस्तुतीचा सण आहे आणि पुष्पाबाई म्हणून राह्यल्या की मी यंदा प्रीतिभोजनाला बिलकुल येणार न्हाई, असं त्या सांगत होत्या. हे काय नवीन? तीस वर्षं त्या जेवणाची आमटी तुझ्या हातची. यंदा ऑपरेशन झालं, उभं राहवत नाही, तर बसून जेवायचं. तारण कृपेने मिळतं, विश्वासाने मिळतं, आपल्या कामाच्या बळावर नाही, हे मी भोकरदनला तुमच्याच मंडळीत येऊन किती वेळा सांगितलं. तू ऐकत नव्हतीस, मागे भांडी वाजवत होतीस.

तुझी भावजय संध्या सलाम सांगते. लोभ नेहमीसारखा असावा, ओरडा थोडा कमी.

तुझा,
राजानंद


भोकरदन
३० ऑक्टोबर २०२५

चि. राजानंद यास,
अ. उ. आ.

उपदेश पोचला. भांडी वाजवत होते, कारण तू सव्वा तास बोलतोस आणि नंतर दीडशे माणसांना भूक लागते. तुझ्या विश्वासाने कणीक मळली गेली असती, तर मीही पुढे बसून ऐकलं असतं. चाळीस वर्षं कृपेवर बोलतो आहेस, पण तू स्वतःचं ताट उचललेलं मी एकदाही पाहिलं नाही. संध्याला विचार.

आता खरं लिहिते, कोणाला दाखवू नकोस. मला भीती वाटते. पाणीसुद्धा मागून घ्यावं लागतं. सकाळी प्रार्थनेला बसले की काय बोलावं तेच सुचत नाही. पूर्वी सांगायला काहीतरी असायचं, कोणाला डबा दिला, कोणाच्या बाळंतपणाला गेले. आता प्रभूपुढे रिकाम्या हातांनी बसायची लाज वाटते. माझा विश्वास किती आहे ते मला सांगता येत नाही. काम येत होतं, ते केलं. आता तेच गेलं, तर त्याच्या दारात मी कोण म्हणून उभी राहू? आणि काहीही न करता त्या पंगतीत बसले, तर घास घशाखाली उतरणार नाही.

संध्याला लिंबाचं लोणचं पाठवते आहे. तुला नाही. लोभ आहे, शहाणपण शिकवू नकोस.

तुझी,
अक्का


जालना
३ नोव्हेंबर २०२५

ति. अक्का हिस,
सा. सलाम वि. वि.

पत्र संध्याला दाखवलं नाही, ताटाबद्दल मात्र विचारलं. ती इतका वेळ हसली की उत्तर मिळालं.

तुझं पत्र वाचून मी एक उपदेश लिहिला आणि फाडला. आता एकच विचारतो. वाढताना तू कधी कोणाला विचारलंस का, की आज काय काम केलंस? एका वर्षी एक जण दारू पिऊन आला होता. त्यालाही तू वाढलंस. मला ते आवडलं नव्हतं, पण तू माझ्याकडे असं बघितलंस की मी परत माझ्या ताटात बघायला लागलो. मग प्रभू तुझ्याहून कंजूष असेल, असं तुला का वाटतं?

माझ्याबद्दल लिहिलंस ते मला लागलं, कारण ते खरं आहे. कृपेवर बोलणं मला सोपं होतं, वाढणारी तू होतीस. तुमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना कळवलंय की यंदा उपदेश दुसऱ्या कोणाला द्या, मला चुलीपाशी पाठवा. ते थोडे घाबरलेत. शनिवारी येतो. चतुर्थी आहे, वाटेत राजूरच्या गणपतीला गर्दी असेल, बसला उशीर झाला तर जेवायला थांबू नकोस.

लोभ असावा आणि आमटीचं प्रमाण उलट टपाली कळवावं.

तुझा,
राजानंद


भोकरदन
१२ नोव्हेंबर २०२५

चि. राजानंद यास,
अ. उ. आ.

पाठ शेकतोस ना? तू चुलीपाशी होतास, म्हणून बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही.

नंदाबाईने मला हाताला धरून उपासनेला नेलं. पहिली पंगत बसायला लागली तशी मी काठी उचलून घराकडे निघाले. पंगतीच्या टोकाला राधेश्याम बसला होता, बसस्टँडवर हमाली करतो तो. उपासनेला कधी येत नाही, जेवण कधी चुकवत नाही. मला बघून तो उठला आणि त्याने स्वतःच्या शेजारी खुर्ची आणून ठेवली. मी त्याला म्हटलं की यंदा माझ्या हातून काहीच झालं नाही. तो म्हणाला की मंग काय झालं, मी वीस वर्सांपासून काही न करता जेवून राह्यलो, तुम्ही एक डाव बी उठवलं न्हाई.

राजा, मी बसले. तुझे एवढे उपदेश वाया गेले आणि त्याचं एवढंसं बोलणं आत गेलं, वाईट वाटून घेऊ नकोस. ताटात आमटी पडली तेव्हा मला रडू आलं. मीठ जास्त होतं, डाळ कच्ची होती. मी कोणाला बोलले नाही. सगळी संपवली, आणि ताट पुढे करून आणखी मागून घेतली. त्या जेवणात असं मी कधीच मागितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी डाळ मीच बसून निवडणार आहे. प्रभूला दाखवायला नाही, लोकांवर पुन्हा तुझी आमटी खायची वेळ येऊ नये म्हणून.

सोमवारी सकाळी प्रार्थनेला बसले. सांगायला काहीच नव्हतं. तशीच बसून राहिले, आणि लाज वाटली नाही.

लोभ असू दे, कमावलेला नसला तरी.

तुझी,
अक्का