रंगखात्यातली दुभाषी

बाबा, माझ्या नव्या व्हिजिटिंग कार्डावर 'मानवी हक्क अधिकारी' असं छापलंय. आईने ते देवाजवळ ठेवलं आणि शेजारच्या काकूंना सांगून आली की मुलगी वकील झाली. वकील नाही, मी कपडे विकणाऱ्या एका परदेशी कंपनीत आहे. तिची दुकानं तिकडे, माल मात्र इकडच्या कारखान्यांत बनतो, आणि तो बनवणाऱ्या माणसांना नीट वागवतात का हे बघायला मला पाठवतात. गेल्या आठवड्यात बोईसरला एका कारखान्यात गेले होते. वाटेत तुझा कारखाना लागला. आता तिथे औषधं बनतात. गेटवर कुणी ओळखीचं नव्हतं, तरी मी ड्रायव्हरला गाडी जरा हळू घ्यायला सांगितली.

तू रंगखात्यात टॉवेल रंगवायचास. हातमोजे नव्हते, त्यामुळे परदेशात कुठला रंग चालणार हे तिकडच्या दुकानांआधी आमच्या घरी कळायचं. तू चिंचणीला घरी येऊन जेवायला बसलास की आई तुझ्या हातांकडे बघून म्हणायची, यंदा हिरवा निघालाय वाटतं. एका गणपतीत तू हौसेने मोदक वळायला बसलास, तर तिने तुला पाटावरून उठवलं. देवाला जांभळा नैवेद्य चालत नाही म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो, तूही हसलास. जेवणं झाल्यावर तू ओसरीत हाताला खोबरेल चोळत बसायचास. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बहुतेक आमचं तिकडे लक्षच जायचं नाही.

टॉवेल घेणाऱ्या कंपनीच्या बाई पाहणीला येणार असं कळलं, तेव्हा मी पालघरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बीए करत होते. तो आठवडाभर तू रोज नवी बातमी आणायचास. भिंतींना चुना लागला. गार पाण्याचं मशीन आलं, त्याला पाहणीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हातमोजे आले, ते सही करून घ्यायचे आणि बाई गेल्या की परत करायचे. कॅन्टीनमध्ये कामगारांच्या हक्कांचा इंग्रजी फलक लागला. त्यावरची एक ओळ तू चित्र काढावं तशी बिडीच्या कागदावर उतरवून घेत होतास, तर सुपरवायझर ओरडला की कामाच्या वेळेत उभा काय राहतोस. घरी मी ती ओळ वाचली. प्रत्येक कामगाराला विश्रांतीचा हक्क आहे, असं लिहिलं होतं.

पाहणीच्या दिवशी मुंबईहून निघालेला दुभाषी मनोरजवळ हायवेवर अडकला. सगळे घाबरले, आणि तू शांतपणे म्हणालास की माझी पोरगी इंग्रजी शिकते. जीप मला कॉलेजातून उचलून घेऊन आली. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा दिला, समोसा दिला आणि अगदी मायेने म्हणाले, "बेटा, ज़रा सँभालके बोलना. पापा को अभी बहुत साल यहीं काम करना है." अर्धा समोसा मी बशीत परत ठेवला.

मग तुला बोलावलं. तू नवे हातमोजे घालून आलास आणि ते काढू की नको हे न कळून तसाच नमस्कार केलास. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, टॉवेलावर आमच्या कंपनीचं नाव असतं, म्हणून तो रंगवणाऱ्या माणसाची जबाबदारीही आमच्यावर येते. हे मी नीट सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, मग एवढी वर्षं कुठं होत्या? मी बाईंना सांगितलं, ते आपलं स्वागत करतायत.

पुढे त्यांनी विचारलं की इथे कधी कुणाला इजा झाली का. तू सुरुवातीपासून सुरुवात केलीस. पाम गावचे काका, तुझे रंगखात्यातले जोडीदार, कॉस्टिक सोड्याचा डबा कसा कलंडला, हात मनगटापर्यंत कसा भाजला, जीप नाही म्हणून त्यांना स्कूटरवर मधे बसवून दवाखान्यात कसं नेलं, आणि बरे होऊन आल्यावर गेटवरूनच त्यांना कसं घरी पाठवलं. माझ्या मागे मॅनेजरसाहेब खोकत होते. तू थांबलास. मी म्हणाले, इथे सगळे एकमेकांची काळजी घेतात. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, इतक्या बोलण्याचं एवढंसंच? मी म्हणाले, मराठी जरा लांब भाषा आहे.

तुला इंग्रजी येत नव्हतं. पण तू माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलंस, "पामच्या काकाचं नाव मी दोनदा घेतला. तुज्या बोलन्यात ते एकदाबी नाय आला. नाव इंग्रजीतबी तेच असतं ना गो?"

खोकला थांबला. मी काकांचं नाव सांगितलं, मग बाकीचं सगळं सांगितलं, घाईघाईत, व्याकरण सोडून. स्कूटरला इंग्रजीत काय म्हणतात तेही आठवेना, स्कूटरच म्हणतात तरी. बाईंनी नावाचं स्पेलिंग दोनदा विचारून लिहून घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळी आई बोंबील तळत होती. तू चुलीपाशी पाट ओढून बसलास आणि एवढंच म्हणालास की मी बोललो तेवढं बोलायचं, काय गाळायचं ते मी बघीन, मला तोंड हाय. मी तुझी नोकरी वाचवत होते, असं सांगायला तोंड उघडलं, तर तू माझ्या ताटात बोंबील वाढलास. ते बोलणं तिथेच राहिलं.

काही महिन्यांनी पामचे काका गेटवर बसून करायच्या कामाला लागले. उपचारांचा खर्च कंपनीने दिला. हातमोजे परत घेतले नाहीत. तुला मात्र बॉयलरवर टाकलं, तिथे तू पार निवृत्तीपर्यंत उकडून निघालास. विचारलं की म्हणायचास, तिथं हात तरी माणसाच्या रंगाचे राहतात. आईची तक्रार एकच होती, की फॅशनचं काही कळेनासं झालं.

आता गेल्या आठवड्याचं सांगते. मी पाहणीला गेले त्या कारखान्यात जव्हारकडच्या बायका कंत्राटावर आहेत. त्यांच्या संडासाला कुलूप असतं आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात. एकीने मला सांगितलं, किल्ली मागायची लाज वाटते म्हणून आमी पानीच पीत नाय. मी अहवालात हे तिच्याच शब्दांत लिहिलं. वरच्या ऑफिसातून तो दुरुस्त होऊन आला: 'महिला स्वच्छतागृहाच्या उपलब्धतेत सुधारणेस वाव आहे.' मी वाचून एकटीच हसले. मग सही केली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. तू असतास आणि फोनवर विचारलं असतंस, तर मी म्हणाले असते, काम छान चाललंय बाबा.