साखरवाली आणि बिनसाखरेचा

४ तारीख, सोमवार

नात झाली! नाक जावयाचं, पण कपाळावरची आठी थेट माझी. जन्मतःच आठी, म्हणजे पोरगी कुणाचं ऐकायची नाही. लेकीला लहानपणापासून साखर. रोज सुई टोचून घेते, म्हणून सगळ्यांनी नऊ महिने घाबरवून सोडलं होतं. सिझर करावं लागलं, पण दोघी ठणठणीत. विहीणबाई लगेच म्हणाल्या, साखरेचं काही सांगता येत नाही हो. मी मनात म्हटलं, आजचा दिवस तरी गप्प बसा बाई.

८, शुक्रवार

कालच घरी आणलं, आणि आज लेकीला हुडहुडी भरली. सकाळपासून काही खाल्लं नाही, तरी साखर वाढतच चाललेली. जावयाने वाट पाहिली नाही, उचलून गाडीत घातलं. आता ती अतिदक्षता विभागात. टाक्यातून जंतू आत शिरले, रक्तात गेले. त्याला सेप्सिस म्हणतात. सिस्टरकडून दोनदा म्हणवून घेतलं तेव्हा लिहिता आलं. रक्तदाब खाली, लघवी होत नाही, श्वासाला नळी घातलीय. बाळ घरी बाटलीवर. मी इथे बाकावर.

९, शनिवार

ज्याचा फोन येतो त्याचं एकच – "साखर होती ना?" जशी काही पोरीने हौसेने विकत आणली! विहीणबाई तर "साखर असताना मूल कशाला" इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. ते मूल त्यांच्याच मांडीवर झोपलेलं.

आत एका नळीतून साखरेचं पाणी, दुसरीतून साखर उतरवायचं औषध. मी सिस्टरला म्हटलं, एक काय ते ठरवा की. ती हसली, म्हणाली दोन्ही लागतं आजी. मला नाही पटलं. पण मला विचारतंय कोण! आत एकालाच सोडतात, तेही हात धुऊन, झगा घालून. झग्यात माझ्यासारख्या दोघी मावतील. पायात येऊन आज पडलेच असते.

१०, रविवार

शेजारच्या खाटेवर एक गवंडी आहे. खाटेबाहेर पाय येतील एवढा उंच. पत्र्याने पोटरी कापली होती म्हणे. त्यालाही हेच, सेप्सिस. त्याची बायको माझ्याच बाकावर. विहीणबाईंनी तिला नाव-गाव विचारायच्या आधी साखर विचारली. ती म्हणाली, छे हो, त्यांनी कधी साधी गोळी नाही घेतली.

"मग तुमचा माणूस आधी घरी जाईल," विहीणबाई म्हणाल्या. बोलल्या तिच्याशी, बघत होत्या माझ्याकडे.

तळपायाची आग मस्तकात गेली. ती बाई मात्र गुणाची. अर्धा चहा मला ओतून दिला.

११, सोमवार

आज डॉक्टरीणबाईंना गाठलंच. म्हटलं, खरं सांगा, साखरेनेच झालं ना हे? त्या बिचाऱ्या दमलेल्या, पण बाकावर शेजारी टेकल्या.

"आजी, जंतू साखर आहे का विचारून आत शिरत नाहीत. साखर असली की आमचं काम अवघड होतं, ते खरं. पण तुमची मुलगी साखर वाढली म्हणून त्याच दिवशी आली. शेजारच्या खाटेवरचे ते गृहस्थ पाय काळा पडेपर्यंत घरी राहिले."

गवंड्याची बायको ऐकत होती. हळूच म्हणाली, "साखर नाही, म्हणून तर आम्ही निवांत होतो."

दुसरी वेळ असती तर विहीणबाईंना ऐकवायला मी पळत सुटले असते. आज तिथून उठवेना.

१३, बुधवार

गवंडी गेला.

एवढा धिप्पाड माणूस. बायको जाताना मला म्हणाली, मावशी, पोरीला जपा. विहीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्यावर चिडावं तर आज तेही जमेना. मग पाण्याच्या मशीनवर चिडले. नाणं गिळून बसलं होतं मेलं.

लेक तशीच. डोळे मिटलेले. तिच्या कानाशी नातीच्या तक्रारी सांगून आले. दुसरं करू काय!

१६, शनिवार

नळी काढली! पाणी मागितलं! मला "आई" म्हणाली, आवाज बेडकासारखा, पण म्हणाली. उद्या साध्या खोलीत आणणार, म्हणजे नातीला नेता येईल. विहीणबाई म्हणतात पांढरं झबलं, मी म्हणते पिवळं. तासभर वाद. पिवळं ठरलं. आज जेवण गेलं.

१७, रविवार

नातीला तिच्या कुशीत ठेवलं. लेक कितीतरी वेळ बघत राहिली. गालाला बोट लावलं. मग मला म्हणाली, "आई, किती गोड आहे गं. कुणाचं आहे? नेऊन दे त्याच्या आईला, शोधत असेल."

डॉक्टरीणबाई म्हणतात, आजारात डोकं असं भरकटतं, बहुतेकांचं येतं जाग्यावर. बहुतेकांचं.

मी नेलं नाही. तिथेच ठेवलं. लेक दाराकडे बघत होती, कुणी न्यायला येतंय का म्हणून.