मास्तरांचं वजन

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट परवा मिळालं. जाडजूड होतं, म्हटलं विणकामाचा नमुना पाठवला असेल. उघडून बघते तर पाचवीची गणिताची चाचणी! निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी तुझ्या पिशवीतल्या प्रश्नपत्रिका काही संपत नाहीत.

भिंगरीला बसवली. घड्याळ लावून, चाळीस मिनिटं, मी शेजारी न बसता. पंचवीसपैकी अकरा. घे, आता पोटभर हसून घे. अपूर्णांकांत तिने सपशेल माती खाल्ली. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असं ठसठशीत अक्षरात लिहिलंय. चुकलं म्हटलं तर माझ्याशीच वाद घालत बसली.

तीन वर्षांपूर्वी तिला शाळेतून काढलं, तेव्हा तू एवढंच म्हणाली होतीस की आई होणं वेगळं आणि बाई होणं वेगळं. त्या वर्गात त्रेचाळीस मुलं होती आणि आमची पोर दिवसभरात एक शब्द बोलत नव्हती, म्हणून काढलं. आता बोलते. नको तेवढं बोलते. पण अकरा गुण बघून मी ती उत्तरपत्रिका पुन्हा दोनदा तपासली, हे तुझ्यापासून काय लपवू? गणिताची तीन पुस्तकं बदलली मी. पहिल्यात नुसती चित्रं, दुसरं इतकं रुक्ष की शिकवता शिकवता मलाच डुलकी लागायची. तिसऱ्यावर भिस्त ठेवली होती.

बाकी आमची घरशाळा जेवणाच्या टेबलावर नऊ ते बारा नेमाने भरते. मास्तर टेबलाखाली भिंगरीच्या पावलावर बसून असतात. तू आमचा हा ससा पाहिला नाहीस म्हणून सांगते, तोंड अगदी नापास करायला निघालेल्या परीक्षकासारखं आहे, म्हणून हे नाव. दर सोमवारी भाजीच्या टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचं वजन होतं आणि भिंगरी ते वहीत लिहिते. हे आमचं विज्ञान. तिचे बाबा छापखान्यातून तीनला येतात, शाई लागलेल्या हातांनी वही उलटतात आणि म्हणतात, पोरगी शहाणी आहे, तू उगाच धास्ती घेऊ नकोस. त्यांचं काय जातंय म्हणायला!

मी मात्र वेळापत्रक बदललंय. बाकी सगळं मागे, आधी अपूर्णांक.

रागावलीस तरी चालेल, माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


दि. १५ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

हसले नाही. खरं तर अकरा म्हणजे मला वाटलं त्यापेक्षा दोन जास्तच. पण बाई गं, दोन पंचमांश! ही चूक पाचवीत राहिली तर सातवीपर्यंत मानगुटीवर बसते. एकतीस वर्षं पाहिलंय मी.

तुझं चुकतं कुठे सांगू? तू लगेच विरघळतेस. लहानपणी मांजर नुसतं म्याव म्हणालं की तू ताटावरून उठायचीस. मुलांना हे बरोबर कळतं. अपूर्णांक समोर आले की यांना तहान लागते, पेन्सिलीचं टोक मोडतं, पोटात दुखतं, खिडकीत पक्षी येऊन बसतो. माझ्या वर्गातल्या एकाची आजी तर दर बुधवारी आजारी पडायची. शंभर सबबी असतात. तू एकही ऐकू नकोस. दहा गणितं द्यायची आणि ती होईपर्यंत टेबलावरून उठू द्यायचं नाही. महिन्याभरात फरक दिसला नाही तर माझं नाव बदल.

माझा गुडघा आहे तसाच आहे. जिना चढताना कुरकुरतो, उतरताना मी कुरकुरते.

भिंगरीला पापा. मास्तरांना म्हणावं, शिस्त ठेवा.

तुझी,
ताई


दि. ३१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. घरी सगळं ठीक आहे. भिंगरीचे अपूर्णांक सुधारले, परवा दहापैकी नऊ बरोबर आले. तू म्हणालीस तसंच केलं.

आमचे मास्तर गेल्या गुरुवारी गेले. वय झालं होतं. भिंगरीला वाईट वाटणारच, पण ती तशी शांत आहे. रडलीसुद्धा फारशी नाही. मुलं लवकर विसरतात, हे बरंच म्हणायचं.

घरात पडद्यांची धुणी काढली आहेत, म्हणून आज एवढंच. गुडघ्याला जप.

तुझी,
धाकटी


दि. ५ फेब्रुवारी

ती. मोठ्या मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला माहीत नाही. पाकीट बाबांकडून घेतलं आणि मावशीला चित्र पाठवतेय असं सांगितलं. म्हणून चित्र पण आहे, म्हणजे खोटं नाही झालं.

तू खूप मुलांना शिकवलंस म्हणून तुला विचारते. सशाने मारी बिस्किटाचा चतकोर तुकडा खाल्ला तर तो किती दिवसांनी मरतो? रविवारी मी मास्तरांना दिला होता. आईने सांगितलेलं की सशाला फक्त गवत आणि पाला द्यायचा, पण ते माझ्याकडे बघत बसले होते.

सोमवारी वजन नव्वद ग्रॅम कमी भरलं. मी काटा पुन्हा शून्यावर आणून दोनदा केलं. आईला सांगितलं. मंगळवारी लेंड्या अगदी मोहरीएवढ्या होत्या आणि बुधवारी गवत होतं तसंच होतं. तेव्हाही सांगितलं. आई म्हणाली आधी दहा गणितं, मग ससा. मी भराभर करायला गेले तर चुकली, मग आणखी पाच मिळाली. गुरुवारी मास्तर आडवेच झाले होते, तेव्हा आईने त्यांना टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं. मला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. परत आली तेव्हा टोपलीवर टॉवेल होता.

आई म्हणते ते म्हातारे झाले होते. पण ते चार वर्षांचे होते आणि वाचनालयातल्या पुस्तकात लिहिलंय की ससे आठ ते दहा वर्षं जगतात. आई कधी खोटं बोलत नाही. म्हणजे तिला बिस्किटाचं कळलं आहे आणि मला वाईट वाटू नये म्हणून ती असं म्हणते. म्हणून मी तिला काही विचारत नाही. नाहीतर तिला आणखी खोटं बोलावं लागेल.

अपूर्णांक येतात आता. तू आईला सांगू नकोस. उत्तर बाबांच्या छापखान्यात पाठव.

तुझी आज्ञाधारक,
भिंगरी


दि. ११ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

सोबत भिंगरीचं पत्र पाठवते आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? तिने सांगू नकोस म्हटलं होतं. एकतीस वर्षांत मुलांनी मला खूप गुपितं सांगितली, त्यातलं एकही मी फोडलं नाही. हे पहिलं. चार दिवस पाकीट उशाशी घेऊन बसले होते. शेवटी वाटलं, तिचा विश्वास मोडला तर तिचा राग माझ्यावर निघेल. तो मी सोसेन. पण दहा वर्षांच्या पोरीने आपण जीव घेतला असं समजून टेबलाशी बसून मुकाट्याने गणितं करायची, हे मला सोसवत नाही. तिला वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात मी गुपित फोडल्याचं कबूल केलंय. आणि हेही लिहिलंय की चतकोर बिस्किटाने ससा मरत नाही. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना मुद्दाम जाऊन विचारलं.

त्या डॉक्टरांनी आणखीही सांगितलं. ससा एक दिवस खायचा थांबला तर ती धावपळ करायची वेळ असते. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तुला काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे. तू मला लिहिलं नाहीस. का लिहिलं नाहीस हेही कळतं.

आता माझं ऐक. एकही सबब ऐकू नकोस, टेबलावरून उठू देऊ नकोस, हे शब्द माझे. पोर समोर पुरावे घेऊन उभी होती, आकडे, लेंड्या, गवत, आणि तू माझ्या पत्राचं ऐकत होतीस. माझ्या वर्गातल्या ज्या मुलाच्या आजीची मी थट्टा केली ना, ती म्हातारी त्याच वर्षी वारली. मुलगा खरं सांगत होता. शाळेने त्याचा वर्ग बदलला, आणि मी मात्र तो किस्सा इतकी वर्षं हसून सांगत राहिले. आजी वारली हे शेवटचं वाक्य तेवढं गाळायचं, की झाला विनोद.

पोरीला खरं सांग. मला तुझ्या बाजूने बोलायला बोलावू नकोस आणि माझ्यावर ढकलूही नकोस. माझा वाटा मी माझ्या पत्रात सांगितला आहे.

तुझीच, चुकलेली,
ताई


दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं.

आधी तुला सांगते, कारण तुलाही मी खोटंच लिहिलं होतं. डॉक्टर भले होते. त्यांनी मास्तरांचं तोंड उघडून दाखवलं. मागच्या दाढा वाढून जिभेत रुतल्या होत्या. चावताना लागायचं म्हणून खाणं सोडलं, आणि मग पोटच थांबलं. मी विचारलं, काल आणला असता तर? ते म्हणाले, काल कठीण होतं, परवा मात्र नक्की काहीतरी करता आलं असतं. एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

टोपली मांडीवर घेऊन मी बसथांब्यावर तीन बस सोडल्या. आणि म्हातारपण हा शब्द तिथे सुचला. स्वतःलाच इतका पटला की घरी येईपर्यंत तो खराच वाटायला लागला होता. मला वाटलं, मी पोरीला वाचवतेय. मी वाचवत होते स्वतःला, आणि किंमत ती देत होती. ती शांत झाली याचं मी तुला कौतुकाने लिहिलं बघ!

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तिचे बाबा घरी असताना बसलो. टेबलाशी नको म्हणून जमिनीवर. मी काही मऊ करून सांगितलं नाही. दाढा, जीभ, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं. तू तीनदा सांगितलंस आणि मी तीनदा ऐकलं नाही, असं म्हटलं. बिस्किटाचा काही संबंध नाही, हे दोनदा म्हटलं. तिने एवढंच विचारलं की मंगळवारी नेलं असतं तर जगले असते का. मी म्हटलं, बहुतेक हो.

मला वाटत होतं रडेल, बिलगेल. तिने वही आणली, मंगळवारच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली की हे मी लिहिलं होतं. मी म्हटलं, हो, लिहिलं होतंस. मग ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिचे बाबा उठायला लागले, मी त्यांना बसवलं. ते दार माझ्यावर लावलं होतं.

पाच दिवस झाले. सांगितलेलं सगळं करते. पण तोंडातून कामापुरता शब्द. घरशाळा मीच बंद ठेवली आहे, मला त्या टेबलाशी बसवत नाही. मनात येतं, हिला पुन्हा शाळेत घालावं. निदान तिथे त्रेचाळिसांत एकीचं ऐकायचं राहून गेलं, असं म्हणायला जागा तरी असते. माझ्याकडे एकच होती.

माफी मागितली. तिने मान हलवली. ती हो होती की नाही, कळलं नाही.

तुझी,
धाकटी


दि. २४ फेब्रुवारी

ती. मोठ्या मावशीस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून मला चार दिवस राग आला होता. आता थोडा आहे. पुढच्या वेळी आधी मला विचार.

आईचा राग जास्त आहे. पण ती आता खूप हळू चालते घरात, ते मला आवडत नाही. तिला कसं सांगायचं की मी रागावलेली आहे पण कुठे गेलेली नाही? बाबा म्हणाले, तसंच सांग. पण ते तोंडातून येत नाही.

तू मला ज्याच्याबद्दल लिहिलंस त्या तुझ्या वर्गातल्या मुलाला शोधणार आहेस का? तुला हवं तर मी पाकिटावर पत्ता छान अक्षरात लिहून देईन.

तुझी,
भिंगरी


दि. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू त्या मुलाचा ठावठिकाणा काढते आहेस असं भिंगरीकडून कळलं. आता तो चाळिशीचा असेल! सापडला तर काय म्हणशील ते मला आधी लिही. मलाही शिकायचं आहे.

शाळेचं आम्ही तिलाच विचारलं. ती म्हणाली की जूनपर्यंत घरीच शिकेन, मग सांगेन. म्हणजे आता परीक्षा माझी चालू आहे. सोमवारपासून टेबलाशी बसतो. वेळापत्रकाचा कागद मी काढून टाकला.

काल सकाळी मी भांडी घासत होते. मागे पावलं थांबल्यासारखी वाटली. भिंगरी दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. म्हणाली की डाव्या कानात दुखतंय. ताई, मी हातातली कढई अशी सोडली की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. तसेच साबणाचे हात घेऊन तिला डॉक्टरांकडे नेलं, पायात दोन वेगळ्या चपला. नळ चालूच राहिला होता, ते तिचे बाबा घरी आले तेव्हा कळलं.

कानात मळ होता, दुसरं काही नाही. डॉक्टरांनी थेंब दिले आणि माझ्या चपलांकडे बघून हसू दाबलं. भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना रस्ताभर बडबडत होती की एवढ्याशासाठी कोणी असं पळत का, लोक काय म्हणतील, तुझ्या चपला बघ. महिन्याभराचं एकदम बोलून घेतलं. मी नुसती हूं हूं करत चालत होते, मध्ये बोलले तर थांबेल या भीतीने.

घराच्या पायऱ्या चढताना मी सहज विचारलं की केव्हापासून दुखतंय. ती म्हणाली, परवापासून.

म्हणजे दोन दिवस तिने मनात ठेवलं होतं, ताई. दोन दिवस ती विचार करत होती, सांगावं की नाही. आणि मग येऊन सांगितलं.

जपून राहा. आमच्यावर नजर असू दे.

तुझी,
धाकटी